‘विश्वासात येणे’ : अर्थ आणि वापर

प्रश्न : नगरच्या एका बाईंनी चर्चमध्ये साक्ष दिली, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सगळ्यांसमोर सांगितला. ‘कॉलेजात असताना मी विश्वासात आले,’ असं त्या म्हणाल्या. त्यांचं घराणं तर आजोबा-पणजोबांपासून ख्रिस्ती. मग विश्वासात येणे म्हणजे नक्की काय? मला ‘विश्वासात घेणे’ तेवढं माहीत आहे.

उत्तर : त्याचा याच्याशी संबंध नाही. धर्म घरातून मिळतो, विश्वास ज्याचा त्याने धरायचा असतो. ‘ख्रिस्ती घरात जन्मलो, पण विश्वासात नंतर आलो’ हे मराठी मंडळ्यांमधलं, म्हणजे चर्चच्या समुदायांमधलं, रोजचं वाक्य आहे. धर्मांतराला प्रतिशब्द म्हणून मात्र ते वापरू नये.

उत्तर : याचा सगळ्यात बोलका दाखला पंडिता रमाबाईंचा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटिज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी एका विदुषी ब्राह्मण विधवेने असं पाऊल उचलणं म्हणजे केवढं वादळ! तरीही 1907 च्या आपल्या साक्षीत त्या स्पष्ट लिहितात की, तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी आठ वर्षं गेली. बाप्तिस्म्याची नोंद रजिस्टरात होते, ती तारीख कुणालाही दाखवता येते. पण आपण त्या दिवशी कुठे उभ्या होतो, हे रमाबाईंनी स्वतःच सांगितलं. केडगावचं मुक्ती मिशन उभं करणाऱ्या, बायबलचं मराठी भाषांतर करणाऱ्या बाईंनी हे लिहावं, याचं मला फार मोल वाटतं. नगरच्या बाई ‘आले’ म्हणतात ते याच अर्थानं.

उत्तर : वसईत आम्ही कॅथलिक हा वाक्प्रयोग फारसा करत नाही. बाळाचा बाप्तिस्मा होतो, तेव्हा वचनं मोठी माणसं देतात. पुढे दृढीकरणाच्या, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या, वेळी मूल ती स्वतःच्या तोंडाने देतं. मुद्दा तोच, शब्द वेगळा.

प्रश्नकर्ता : मग ‘ख्रिस्ताला मानणे’ म्हटलं तर चालेल?

उत्तर : नाही, तिथे अर्थ पातळ होतो. मानणारे पुष्कळ असतात. देव एकच आहे असं भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे! विश्वासाबरोबर ‘अनुसरणे’ येतं. स्वतःला नाकारून, वधस्तंभ (क्रूस) उचलून माझ्यामागे या, हे येशूचं बोलणं लूकचं शुभवर्तमानही देतं. त्यात ‘दररोज’ हा शब्द आहे. म्हणून ‘अनुसरलो’ असं सहसा कुणी म्हणत नाही, ‘अनुसरत आहे’ म्हणतात. रेव्ह. ना. वा. टिळकांचं उदाहरण घ्या. त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा. पण 1917 मध्ये साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा संघ काढला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांसाठी. त्यासाठी मिशनची पगारी नोकरीही सोडली. शिष्यत्वाची खूण त्यांना मागे चालण्यात दिसत होती. मला ते पटतं. बाप्तिस्मा गौण आहे असं मात्र यातून कुणी काढू नये. टिळकांनी स्वतः त्याची जबर किंमत मोजली, पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्या पुढे ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या मनाने.

प्रश्नकर्ता : आणि पुढचे प्रयोग? विश्वासात आल्यावर?

उत्तर : ‘विश्वासात वाढणे’, ‘विश्वासात स्थिर राहणे’. प्रार्थना, उपासना सुटली की ‘विश्वासात थंड पडला’ म्हणतात. ‘विश्वास बसला’ मात्र इथे म्हणत नाहीत. तो डॉक्टरवर, दुकानदारावर बसतो.