कोकणचे पेपर, कोकणचा रेडिओ : तुमचे अनुभव सांगा

परवा पोंभुर्ल्याला जाऊन आलो. देवगड तालुक्यातलं हे बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. 'दर्पण' मात्र त्यांनी ६ जानेवारी १८३२ ला काढलं ते मुंबईत. म्हणजे आद्य संपादकसुद्धा चाकरमानीच! परतीच्या एसटीत वाटलं, आपली साप्ताहिकं, छापखाने, आकाशवाणी यांच्या आठवणी कुणाकुणाकडे असतीलच. छापलं, वाचलं, ऐकलं असेल त्यांनी लिहा. चार ओळी असल्या तरी चालतील.

वेंगुर्ले
बाबा एका साप्ताहिकाच्या छापखान्यात कंपोझिटर होते, शिशाचे अक्षरांचे खिळे जुळवायचे. खिळ्यांवरचा उलटा मजकूर ते घडाघडा वाचत. खिळे मोजकेच. एका पावसाळ्यात निधनवार्ता इतक्या आल्या की 'कै'चे खिळेच संपले. मग उरलेल्यांचं 'दुःखद निधन' झालं! ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाई यंत्रावर, पाय मारायला आम्हा भावंडांना परवानगी नव्हती. घड्या घालायला मात्र बसवत. पावसात शाई लवकर वाळायची नाही, दुसऱ्या दिवशी शाळेत बाई हात पुढे करायला सांगायच्या.

लालबाग, मूळ गाव राजापूर तालुक्यात
असले अंक आमच्याकडे टपालाने यायचे, कागदाच्या पट्टीत गुंडाळलेले, आठवडाभर शिळे. आजोबा आधी निधनवार्ता वाचत, मग जाहीर नोटिसा. अग्रलेखाचा नंबर कधी लागलेला आठवत नाही. अशाच एका नोटिशीत कळलं की आमच्या कलमांच्या बागेची परस्पर विक्री चालली आहे, आणि विकणारे आमचेच भाऊबंद. आजोबांनी त्याच रात्री एसटी गाठली. बाग राहिली. बोलणं बंद झालं ते आजतागायत.

अलिबाग
इकडे 'कृषीवल'. नारायण नागू पाटलांनी तो १९३७ मध्ये काढला, तेव्हा चरीचा शेतकरी संप चालू होता. खोतांविरुद्ध १९३३ ला सुरू झालेला संप, सहा वर्षं चालला. पणजी सांगायची, वाडीत वाचता येणारा एकच. तो कंदिलाशी बसून वाचायचा, आणि नको तो शब्द गाळला की म्हातारे ओळखायचे.

पेडणे
आमच्या गोव्यात तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य. छापण्याआधी मजकूर सेन्सॉरकडे. म्हणून खरी बातमी हवी तर रेडिओ. १९५५ च्या नोव्हेंबरात 'गोंयच्या सोडवणेचो आवाज' हे गोवामुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र सुरू झालं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ते आधी आंबोलीच्या रानातून, पुढे कॅसलरॉकहून चालवत, कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. आजोबा खिडक्या लावून, रेडिओवर गोधडी टाकून आत डोकं घालून ऐकायचे. बाहेर सोप्यावर आजी तांदूळ निवडत बसायची. पाखल्याची, म्हणजे पोर्तुगीज शिपायाची, चाहूल लागली की तिने खोकायचं, असं ठरलेलं. एकदा तिला खरंच खोकला झाला तेव्हाची गंमत घरात अजून सांगतात.

१८ डिसेंबर १९६१ ला बांबोळीचं पोर्तुगीज सरकारी रेडिओ केंद्र बॉम्बफेकीत बंद पडलं. दुसऱ्या दिवशी सरदेसाई आणि लोबो विमानातून, कर्ण्यावरून गोवा मुक्त झाल्याचं सांगत पणजीवरून फिरले. पेडण्यात काही ते ऐकू आलं नाही. सहा वर्षं गोधडीत घुसमटलो आणि नेमकं तेवढंच हुकलं, ही हळहळ आजोबांना शेवटपर्यंत होती.

हर्णै
रत्नागिरी आकाशवाणी १९७७ ची, माझ्याहून थोडी मोठी. आमच्या घरी गाण्यांसाठी रेडिओ लावला तर बाबा सेलचा हिशेब काढत. समुद्र खवळणार, मच्छिमारांनी जाऊ नये, ही सूचना लागली की मात्र आवाज वाढवून रेडिओ ओटीवर ठेवायचे, आळीला ऐकू जावं म्हणून.

फयान चक्रीवादळ आलं त्या दिवशी, ११ नोव्हेंबर २००९, काका होडीवर होता. वीज गेली, फोन लागेनात. काकूने रात्रभर रेडिओ चालू ठेवला. सेल उतरले की चुलीपाशी शेकायचे नि परत घालायचे. काका तिसऱ्या दिवशी आला, जयगडच्या खाडीत आसऱ्याला थांबला होता. चहा पिऊन रेडिओ लावायला गेला, तो बंद.

"नवे सेल होते ना गं? कुणी संपवले?"