'चारा'चा 'चार' होतोय, जिभेचं मॉडेल लावलं तर सुटेल का?

रानवाट: बाबांना हल्ली कमी दिसतं, म्हणून फोनच बातम्या वाचून दाखवतो. 'गुरांना चारा' आलं की त्यातला च 'चार आणे'तला काढतो आणि बाबा करवादतात. आर्टिक्युलेटरी सिंथेसिसबद्दल वाचलं: जीभ, ओठ, जबड्याचं गणिती मॉडेल करून आवाज काढायचा. त्याने हे सुटेल ना? मग सगळे तेच का वापरत नाहीत?

ध्वनीवाला: नाही सुटणार. घोळ जिभेपर्यंत पोचायच्या आधीच झालाय. लिपीत दोन्ही च एकच, कुठला काढायचा ते उच्चारकोशाने सांगायचं. ते न सांगता मॉडेल जोडलंत तर ते चुकीचा च अगदी सफाईने काढेल. 'सारं जग' आणि 'सुखाने जग' यात तर कोशही पुरत नाही, वाक्य बघावं लागतं.

मॉडेल तसं जुनंच. १९६२ साली बेल लॅब्समध्ये केली आणि लॉकबॉम यांनी घशापासून ओठांपर्यंतची पोकळी म्हणजे छोट्या नळ्यांची साखळी असं धरून गणित मांडलं. 'पिंक ट्रॉम्बोन' ही तोंडाच्या चित्रातून आवाज काढणारी वेबसाइट ब्राउझरमध्ये उघडा, आत तेच आहे. जीभ बोटाने सरकवा, 'आ'चा 'ई' होताना ऐकू येतो. मग 'ळ' काढून दाखवा! जिभेचं टोक मागे वळवायची सोयच नाही तिथे.

खरी अडचण डेटाची. जिभेवर सेन्सर चिकटवतात, तारा तोंडातून बाहेर, माणूस सुरुवातीला बोबडंच बोलतो. एडिंबराच्या मोचा-टिमिट या अशा नोंदींच्या संग्रहात एकेका वक्त्याची ४६० वाक्यं आहेत. नुसता आवाज मात्र हजारो तास मिळतो. कोण कशाला तारा लावून घेईल?

खडीसाखर: आवाज ओळखण्यातही तीच गत. आवाजावरून जीभ कुठे होती ते काढायला जावं, तर एकाच आवाजाला अनेक उत्तरं. दातांत पेन धरून 'आई' म्हणा. जबडा अडकलेला, तरी 'आई' कळतंच.

ध्वनीवाला: बरोबर. पण आवाजच नसेल तिथे हे मॉडेल कामाला येतं. २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे मेंदूशल्यविशारद चँग यांच्या गटाने मेंदूतल्या संकेतांवरून आधी जीभ-ओठांच्या हालचाली काढल्या आणि त्यांवरून वाक्यं ऐकवली.

रानवाट, तुमच्या ॲपमध्ये स्वतःचे शब्द भरायची सोय असेल तर 'च़ारा' असा नुक्ता (अक्षराखालचा टिंब) देऊन बघा.

रानवाट: नुक्त्याला दाद देत नाही. 'त्सारा' लिहिलं तर जमलं, बाबांना चालतंय. आता 'जग'चं काय करू?