'रेड रेड वाइन' रेगेत बसवायचंय, ठेका जमेना

परभणी_कीबोर्ड
नमस्कार मंडळी. आमचा ऑर्केस्ट्रा लग्नं, जयंत्या, गणपती करतो. आता संभाजीनगरला एका कॉलेजच्या गॅदरिंगला पोरांनी इंग्रजी गाणी मागितलीत. मला यूबी फोर्टी या ब्रिटिश बँडचं 'रेड रेड वाइन' रेगेत, म्हणजे जमैकाच्या ठेक्यात, घ्यायचंय, लै जीव आहे त्या गाण्यावर. कीबोर्ड, बेस, गिटार, ऑक्टोपॅड, ढोलकी एवढे आहोत. सूर बरोबर लागायलेत, पण ऐकायला संथ केरवाच वाटायलाय. काहून असं होतंय? आणि त्याच्यासोबत अजून कोणती गाणी घ्यावीत?

अंबाजोगाई_बेस
आपल्याला भजनापासून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायची सवय, आणि रेगेच्या 'वन ड्रॉप'मध्ये नेमकी तीच जागा मोकळी असते. चार मोजा. एकवर ढोल नाही. दोन आणि चारवर गिटारचा तुटक कॉर्ड. तीनवर किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काडीनं वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) एकदम. हेच केरव्याच्या आठ मात्रांवर मांडलं तर तीन म्हणजे पाचवी मात्रा, आपली खाली! जिथं आपण हात हलका करतो, तिथंच त्यांचं सगळं वजन पडतं. ढोलकीवाल्याला म्हणावं, 'धा' पाचवीवर टाक आणि पहिलीला हात वर धर. गाणं बाजूला ठेवून आधी एवढंच घोटा.

तुमचं काम ऑर्गनचं. उजवा हात गिटारसोबत दोन-चारवर, डावा त्याच्या आगंमागं फटीत. आवाज बारीक ठेवा, पण तो थांबला की गाणं ढासळतं. चाल मात्र बेसनं सांभाळायची.

गाण्यांमध्ये जमैकाच्या केन बूथचं 'एव्हरीथिंग आय ओन' घ्याच. मूळ अमेरिकेतल्या ब्रेड बँडचं. त्यांच्या डेव्हिड गेट्सनं वारलेल्या वडिलांसाठी लिहिलेलं. बूथचं 1974 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरला गेलं. ठेका डोलायला लावणारा आणि गळा भरून आलेला. दुःखाचं गाणं रेगेत हलकं होतं म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकावं.

लातूर_कॅसेट
'रेड रेड वाइन' मूळ अमेरिकन गायक नील डायमंडचं, 1967चं. टोनी ट्राइबनं ते 1969ला रेगेत गायलं आणि बर्मिंगहॅमच्या यूबी फोर्टीच्या पोरांच्या कानात तेच बसलेलं होतं. त्यांचं 1983ला आलं, ब्रिटनमध्ये पहिलं झालं. अमेरिकेत पहिल्या नंबरला पोचायला 1988 उजाडलं. तिन्ही लागोपाठ ऐका. डायमंडचं एकट्या माणसाचं रडणं आहे, ट्राइबचं उड्या मारतं, यूबी फोर्टीचं मधोमध येऊन थांबतं. तुम्हाला कुठं थांबायचंय ते आधी ठरवा.

आणि जमैकाच्या टूट्स अँड द मेटल्स बँडचं 'कंट्री रोड्स' सोडू नका. जॉन डेन्व्हरच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या जागी टूट्सनं वेस्ट जमैका घातलं, अन् गाणं तिथलंच होऊन गेलं. कव्हर असावं तर असं.

नांदेड_ढोलकी
बेसवाल्या भाऊंचं गणित बरोबर, पण पहिली मात्रा सोडणं हाताला इतक्या लवकर पटत नाही. गॅदरिंग तोंडावर असेल तर 'स्टेपर्स' घ्या. त्यात किक चारही ठोक्यांवर पडते, तोही अस्सल रेगेच. ढोलकीला धरायला जागा मिळते, पोरंही नाचतात.

अंबाजोगाई_बेस
'कंट्री रोड्स'ला स्टेपर्स चालेल, नाचायचंच गाणं आहे ते. 'रेड रेड वाइन'ला नको. त्यातली सुस्ती पहिल्या मोकळ्या ठोक्यातून येते. तिथं किक घातली की वरातीची चाल होईल. त्या गाण्यापुरती ढोलकी खाली ठेवून शेकर (खुळखुळा) द्या, वन ड्रॉप ऑक्टोपॅडवाल्याला करू द्या.

परभणी_कीबोर्ड
आज रात्री असंच बसवतो. आमचा गिटारवाला म्हणायलाय, दोन आणि चारवर नुसता कॉर्ड मारायचा तर मला कामच काय उरलं?

अंबाजोगाई_बेस
त्याला म्हणावं, वरच्या तीन-चार तारांवरच मार, आणि मारल्या मारल्या डाव्या हाताची बोटं सैल कर. तारा सोडायच्या नाहीत, नुसता दाब काढायचा. 'चक्' एवढंच ऐकू आलं पाहिजे. पूर्ण गाणंभर प्रत्येक 'चक्' सारख्या लांबीचा काढून दाखव म्हणा, मग कामाचं बोलू.