मशीन लावलं की झालं?

डोळे आणि कान यांतलं एकच ठेवता आलं तर काय ठेवाल, या प्रश्नावर कुणीतरी लिहिलंय, "डोळे गेले तर सगळंच गेलं, कान गेले तर मशीन लावायचं." तेवढं एक वाक्य पटलं नाही.

आमचे काका पंचवटीत राहतात, वय ७८. मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवलं आणि थोड्याच दिवसांत पेपर वाचायला लागले. कानाचं तसं नाही. कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी असतात, त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. वयानुसार आधी जातो तो वरच्या पट्टीचा भाग. म्हणजे 'आ', 'ओ' असे स्वर ऐकू येतात, पण 'स', 'श', 'फ' गळतात. काकांना आवाज येतो, शब्द लागत नाही. "ओरडू नकोस रे, नीट बोल," म्हणतात. मशीन लावून मेन रोडला गेले की हॉर्नही मोठे होतात, मग मशीन खिशात. पंगतीत सगळे हसले की तेही हसतात, जरा उशिरा. ते बघवत नाही.

तरी निवडायचंच झालं तर मी डोळेच ठेवीन. ड्रायव्हिंगवर पोट आहे माझं, स्वार्थी उत्तर म्हणा हवं तर.

बाकी आपण नाशिककर कान फुकट घालवतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि आपण पोराला खांद्यावर घेऊन नाशिक ढोलाच्या पुढ्यात उभे! कापसाच्या बोळ्याने फारसं काही होत नाही, मेडिकलमधून फोमचे इअरप्लग आणा.