रविवारच्या एचपीव्ही शिबिराबद्दल: सोसायटी ग्रुपवरचं बोलणं

ए-१०२ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी १० वाजता क्लबहाऊसमध्ये ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी एचपीव्ही लशीचं शिबिर आहे. एचपीव्ही म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू. आपल्याकडे अशा ३१ मुली आहेत, नावं आली ८. काही अडचण असेल तर इथेच बोला.

सी-४०३: काका, सकाळपासून तीन ग्रुपांवर एकच फॉरवर्ड आलाय. लस घेतली की पुढे मूल होत नाही, जपानने बंदी घातली, आंध्रात मुली दगावल्या. माझी लेक अकरा वर्षांची आहे. सही करायला हात धजत नाही.

बी-२०१: आमच्या सासूबाईंचंही तेच. शिवाय "एवढ्याशा पोरीला आत्ताच कशाला?"

डी-३०२ (डॉक्टर): ताई, जपानने बंदी घातली नव्हती. एप्रिल २०१३ मध्ये लस तिथल्या नियमित कार्यक्रमात आली. काही मुलींना अंगदुखी, चालताना त्रास अशा तक्रारी झाल्या, त्यांची दृश्यं टीव्हीवर आली आणि जूनमध्ये सरकारने लशीची शिफारस करणं थांबवलं. लस मोफतच राहिली, पण सरकारच गप्प बसल्यावर आईबापांनी काय समजायचं? लस घेणाऱ्या मुलींचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास होतं, ते १ टक्क्याच्याही खाली गेलं. नंतर नागोया शहरात सुमारे ३० हजार तरुणींना २४ लक्षणांबद्दल विचारलं, त्यांचा लशीशी संबंध सापडला नाही. तरी शिफारस पूर्ववत व्हायला एप्रिल २०२२ उजाडलं. मधल्या वर्षांतल्या मुली आता विशीत आहेत, त्यांच्यासाठी वेगळी मोहीम काढावी लागली.
मूल न होण्याचं म्हणाल, तर लशीत विषाणू नसतोच. त्याच्या कवचासारखं प्रथिन असतं. वंध्यत्वाशी संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. हात दुखतो, कधी कणकण येते, काहींना सुईच्या धास्तीने चक्कर येते. म्हणून नंतर १५ मिनिटं बसवून ठेवतो.

ए-५०४ (सिस्टर आजी): मी टाइप करायला वेळ घेते, सांभाळून घ्या. माझी सगळी नोकरी बार्शीकडच्या खेड्यांत नर्सबाई म्हणून झाली. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर मी फार पाहिला. बाई दवाखान्यात यायची तेव्हा अंगावरून जायला लागून वर्ष उलटलेलं असायचं. घरात सांगायची लाज, आणि सुगी संपल्याशिवाय स्वतःसाठी वेळ नाही. देशात आजही दरवर्षी ७५ हजारांहून जास्त बायका याने जातात.
आमच्या शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास केला. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, तिथले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.
मग २००९ मध्ये याच संस्थांनी लशीचा अभ्यास सुरू केला, दोन डोस पुरतात की तीन लागतात हे बघायला. बार्शी, पुणे, मुंबई आणि देशात इतर ठिकाणी. २० हजार मुली घ्यायच्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये सरकारने लस देणं थांबवलं, तोवर सुमारे १७,७०० मुलींना पहिला डोस मिळाला होता. जवळपास ५ हजार जणी एका डोसवरच राहिल्या. पण त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. मुली मोठ्या झाल्या, लग्न होऊन सासरी गेल्या, तरी तपासण्या चालू राहिल्या. २०२१ मध्ये निकाल आला: या विषाणूच्या सर्वांत घातक दोन प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही दहा वर्षं ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागे या मुलींचा मोठा वाटा आहे. गरीब देशांना आता तेवढ्याच लशीत दुप्पट मुली घेता येतात. बार्शीची म्हणून मला याचा फार अभिमान आहे.

बी-६०१: सिस्टर, पण थांबवलं ते काहीतरी घडलं म्हणूनच ना? त्या मुलींचं काय?

ए-५०४ (सिस्टर आजी): थांबवलं ते दुसऱ्याच प्रकल्पामुळे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा भागात हजारो मुलींना लस दिली गेली, त्यातल्या सात जणी पुढे दगावल्या. पाच जणींची कारणं स्पष्ट होती: एक बुडून, एक साप चावून, दोघींनी कीटकनाशक घेतलं, एकीला मलेरिया. चौकशीत लशीशी संबंध दिसला नाही.
पण आणखी एक गोष्ट निघाली. आंध्रात वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डन आणि हेडमास्तरांच्या सह्या होत्या. कितीतरी आईबापांना पत्ताच नव्हता. २०१३ मध्ये संसदेच्या समितीने कडक ताशेरे ओढले, आणि मला ते योग्यच वाटतात. ज्या आईला कोणी विचारलंच नाही, तिने संशय घेतला तर तिचं काय चुकलं? सेक्रेटरीसाहेब, रागावू नका, पण आपणही गेटवर फॉर्म ठेवून मोकळे झालो. बसून कोणी सांगितलं का?

ए-१०२ (सेक्रेटरी): मान्य आहे सिस्टर. घाई झाली आमची.

डी-३०२ (डॉक्टर): बी-२०१ वहिनी, आत्ताच का, तर संसर्गाच्या आधी घेतली तरच पुरेपूर उपयोग, आणि या वयात शरीर चांगला प्रतिसाद देतं. स्कॉटलंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस घेतलेल्या मुलींत हा कॅन्सर एकही सापडला नाही, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. रवांडाने २०११ पासून शाळांत लस दिली आणि शाळेबाहेरच्या मुली गावच्या आरोग्य स्वयंसेवकांनी शोधून आणल्या. तिथलं लसीकरण ९० टक्क्यांच्या वर गेलं. तीस वर्षांवरच्या आयांनी मात्र स्वतःची तपासणी करून घ्यायचीच.

सी-४०३: आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी बारा वर्षांची आहे. तिला चालेल का?

ए-१०२ (सेक्रेटरी): का नाही? वॉचमनच्या, कामवाल्या मावशींच्या मुलीही येऊ देत. तिच्या लशीचे पैसे मी देतो, बाकीच्यांचं कमिटीत ठरवू. शिबिर एक आठवडा पुढे ढकलतोय. शनिवारी संध्याकाळी ७ ला आयांची आणि बाबांची बैठक, डॉक्टर आणि सिस्टर दोघंही असतील. फॉर्म मराठीत करून घेतो.

बी-२०१: सासूबाईंना घेऊन येते. त्यांना सिस्टरांशीच बोलायचंय.

सी-४०३: मीही येते. सही मात्र त्यानंतर ठरवेन.

ए-५०४ (सिस्टर आजी): ये गं. प्रश्न लिहून आण, नाहीतर ऐनवेळी आठवत नाहीत. लेकीलाही आण, तिलाही विचारायचं असेल काही.