मदत हवी आहे : दिएन बिएन फूची रसद

२० नोव्हेंबर १९५३ ला फ्रेंचांनी डाकोटा विमानांतून वायव्य व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फूच्या खोऱ्यात छत्रीधारी सैनिक उतरवले. ही ऑपरेशन कास्टर. खोरं आणि जुनी धावपट्टी त्याच दिवशी हाती आली. पुढे व्हिएत मिन्हने (फ्रेंचांविरुद्ध लढणारी व्हिएतनामी स्वातंत्र्य चळवळ) माणसांकरवी तोफा डोंगरांवर ओढत नेल्या, मार्च १९५४ मध्ये धावपट्टी निकामी केली आणि ७ मे ला फ्रेंचांचं ठाणं पडलं.

मी अडलोय ते रसदीपाशी. धावपट्टी वापरात राहील आणि हजारोंच्या फौजेला हवाई रसदीवर तगवता येईल, असं इंडोचायनातले फ्रेंच सरसेनापती जनरल नवार यांनी कशाच्या भरवशावर धरलं? हवाई दलात मालवाहू विमानांवर काम केलेलं कुणी असेल तर कृपया समजावून सांगा. खोऱ्यातल्या ताई जमातीच्या गावकऱ्यांचे अनुभव कुठे वाचायला मिळतील? त्यांच्याबद्दल फारच थोडं लिहिलेलं सापडतं.