बंद पडलेली डीस्पेस रिपॉझिटरी, हार्डडिस्कवर नुसत्या आकड्यांच्या फायली. मदत हवी आहे

मांडावरची:
मंडळी, जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सल्ला देणाऱ्याला पुन्हा विचारावं लागणार नाही.

उत्तर गोव्यातल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. मुलं बहुतेक सत्तरी-डिचोलीची. माझ्या आधीच्या बाईंनी एका एजन्सीकडून डीस्पेस, म्हणजे कॉलेजचं साहित्य साठवून वेबवर दाखवणारं सॉफ्टवेअर, बसवून घेतलं होतं. त्यात कॉलेजच्या वार्षिकांचे जुने अंक होते, एम.ए. मराठीचे लघुप्रबंध होते, आणि मुलींनी आपापल्या वाड्यावर जाऊन केलेली धालो, फुगडी, रणमालं अशा गोव्यातल्या लोककलांची ध्वनिमुद्रणं होती. वार्षिकांची काळजी नाही, छापील अंक कपाटात आहेत, पुन्हा स्कॅन होतील. लघुप्रबंधांच्या बांधीव प्रतीही बऱ्याचशा आहेत. जीव अडकलाय तो ध्वनिमुद्रणांत. मूळ सीड्या जपून ठेवल्या होत्या, पण आमच्याकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. डब्या उघडल्या तर चकत्यांवर पांढुरके ठिपके. ११ लावून पाहिल्या, ४ वाचल्या गेल्या.

देखभालीचा करार संपला आणि सर्व्हर बंद झाला. खूप पाठपुरावा केल्यावर एजन्सीने एक हार्डडिस्क आणून दिली, ‘सगळा डेटा यात आहे’ म्हणून. आत ‘ॲसेटस्टोअर’ नावाचं फोल्डर. त्यात दोन आकडी नावांची फोल्डरं, त्यांच्या पोटात तशीच, त्यांच्याही पोटात तशीच, आणि सर्वांत आत लांबलचक आकड्याच्या नावाची एकेक फाईल. पुढे पीडीएफ नाही, एमपी३ नाही, काहीच नाही. कितीतरी फायली तर दोन-चार केबीच्याच. शीर्षक, गाव, वर्ष कुठेही नाही. यातून काही परत उभं राहील का?

शिवाय नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) अहवालात आम्ही जे दुवे दिले होते, त्या सगळ्यांत १२३४५६७८९ हा आकडा आहे. तो आमच्या कॉलेजचा क्रमांक का? जुने दुवे पुन्हा चालू होतील का?

सर्व्हरवाला:
ताई, घाबरू नका, पण त्या डिस्कवर थेट काही करूही नका. आधी तिची पूर्ण प्रत काढा आणि मूळ डिस्क कपाटात कुलूपबंद ठेवा.

तुम्ही सांगताय ती रचना डीस्पेसचीच आहे. फाईल साठवताना ते तिला आकड्यांचं नाव देतं. मूळ नाव, शीर्षक, कर्ता, विषय हे सगळं पोस्टग्रेस नावाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये राहतं. तुमच्या हातात फक्त फायली आल्यात, त्यांची नोंदवही आलेली नाही. एजन्सीला लेखी पत्र द्या आणि त्यात ‘पोस्टग्रेसचा डम्प’ (त्या डेटाबेसची पूर्ण प्रत) हेच शब्द वापरा. नुसतं ‘डेटा द्या’ म्हटलं की असं फोल्डर मिळतं. डम्प मिळाला तर दोन्ही जुळवून सगळं पहिल्यासारखं उभं राहतं.

छोट्या फायली टाकू नका. प्रत्येक नोंदीबरोबर डीस्पेस परवान्याचा मजकूर ठेवतं, तो एकसारख्या आकाराचा दिसेल. बाकीच्यांत पीडीएफमधून काढलेला मजकूर असतो. डम्प नाहीच मिळाला तर हा मजकूर वाचून लघुप्रबंध ओळखता येतील. मात्र जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील तर मराठीऐवजी टिंबं-टोप्यांची इंग्रजी अक्षरं दिसतील. तिथे पीडीएफ उघडून पहिलं पान बघणं हाच उपाय. कुठली फाईल पीडीएफ आणि कुठली आवाजाची, हे लिनक्सवरची ‘फाईल’ ही आज्ञा सांगते.

१२३४५६७८९ हा कुणाचाच क्रमांक नाही. डीस्पेस बसवलं की तो आपोआप येतो आणि मग कायमच्या दुव्यांसाठी असे क्रमांक देणाऱ्या सीएनआरआय या संस्थेकडे नोंदणी करून आपला घ्यायचा असतो. शोधगंगेच्या (भारतातल्या पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) दुव्यांत १०६०३ दिसतो, तो त्यांचा नोंदलेला. तुमच्यासाठी कुणी तो घेतलाच नाही, याचं वाईट वाटलं. डोमेन तुमच्या ताब्यात असेल आणि डम्प मिळाला, तर जुने दुवे त्याच पत्त्यावर चालतील. नवं उभारताना मात्र स्वतःचा क्रमांक घ्याच.

मांडावरची:
एजन्सीचं उत्तर आलं: डम्प त्यांच्याकडे उरलेला नाही. दोन दिवस काही सुचत नव्हतं.

मग कॉम्प्युटरच्या सरांना सोबत घेऊन प्रतीवर ती आज्ञा चालवली. आवाजाच्या ६३ फायली निघाल्या. पहिलीच्या नावापुढे एमपी३ लावून उघडली. आधी रातकिडे, मग एका मुलीचा दबका आवाज: स्वतःचं नाव, वाडा, तारीख, ‘पौषातले धालो, रात्र तिसरी’. आणि पाठोपाठ बायकांचा गळा, दोन्ही फाती (समोरासमोरच्या रांगा) एकीमागून एक. सर आणि मी पूर्ण २२ मिनिटं उठलो नाही. त्या वेळी शिकवणाऱ्या बाईंनी मुलींना हे सुरुवातीला बोलायला लावलं होतं, हे त्यांचे केवढे उपकार! नोंदवही गेली, पण गाव आणि तारीख त्या आवाजातच आहे.

आता एकेक ऐकून नवी यादी करते आहे. गाणाऱ्यांची नावं मात्र फार थोड्या ठिकाणी आहेत.

पोथीपान:
ताई, ही यादी एक्सेलमध्येच करा आणि पहिला रकाना त्या लांब आकड्याचा ठेवा. तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर एक्सेल शेवटचे आकडे शून्य करून टाकेल. त्यावरूनच पुढे सगळं एकदम चढवता येतं.

माझं दुसरं सांगणं परवानगीबद्दल. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे गाणाऱ्याचा आपल्या सादरीकरणावर हक्क असतो, ५० वर्षांचा. त्या बायकांनी घरच्या मुलीसमोर गायलं, जगासमोर नव्हे. नोंद सगळ्यांना दिसू द्या, पण त्या वाड्यावर जाऊन विचारेपर्यंत आवाजाची फाईल बंद ठेवा. डीस्पेसमध्ये फाईलनिहाय तशी मुभा आहे. आणि नावं मिळाली की गाणाऱ्या बायकांना ‘कर्ता’च्या रकान्यात घाला, मुद्रण करणाऱ्या मुलीला ‘सहभाग’मध्ये. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट केलेलं असतं.

शोधाचंही आताच बघा. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. दिसतो एकच, पण यंत्राला दोन वेगळे शब्द. डीस्पेसचा शोध चालवणाऱ्या सोलरमध्ये हिंदीसाठीचं नॉर्मलायझेशन (वेगळी टाइप झालेली अक्षरं एकसारखी करण्याची सोय) लावलं तर दोन्ही एक होतात, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही पोटात घेतल्या जातात. मग शोधाची सूची, म्हणजे इंडेक्स, नव्याने बांधायचा.

मांडावरची:
‘कर्ता’चं पटलं, तसंच करते. शनिवारी पहिल्या वाड्यावर जाते आहे, ती मुद्रण करणारी मुलगी आता तिथल्याच शाळेत शिकवते, तीही येणार आहे. फोनवर म्हणाली, गाणाऱ्यांपैकी तिघी आहेत.

परवानगीचा साधा मराठी नमुना कुणी वापरला असेल तर इथे द्याल का? एका पानाचा, वाचून दाखवता येईल असा. आणि ज्या आता नाहीत, त्यांच्या घरी कुणाची सही घ्यायची?